जातिवंत कुत्रा, गावठी कुत्रा आणि वंशावळीचा कागद

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कुत्र्यांवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु माझ्यापुरती या विषयाची सुरुवात एका पावतीपासून झाली, आणि पावती म्हटली की ती आमच्या शाखेच्या अखत्यारीत येते.

माझे मामा खानापूर तालुक्यात शेती करतात. घर वस्तीपासून जरा बाजूला, मागे उसाचा मळा. राखणीला कुत्रा हवाच. आजवर त्यांच्याकडे गावठी कुत्रीच होती. तीन वर्षांपूर्वी मात्र मामांनी मनावर घेतले की आता कुत्रा आणायचा तो जातिवंतच. एका शहरातील विक्रेत्याकडून त्यांनी अठरा हजार रुपयांना जर्मन शेफर्डचे पिल्लू आणले. सोबत वंशावळीचा छापील दाखला होता. त्यावर पिल्लाचे आईबाप, आजे-पणजे यांची लांबलचक विलायती नावे होती. मामांनी तो दाखला चौकटीत बसवून सोप्यात लावला आणि पिल्लाचे नाव ठेवले शेरा.

शेरा दहा महिन्यांचा झाला आणि उठताना मागचे पाय ओढू लागला. पायरी चढायला कुरकुर करू लागला. बेळगावला आणून क्ष-किरण फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की खुब्याच्या सांध्यातली खोबण उथळ आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसत नाही. या विकाराला 'हिप डिस्प्लेजिया' म्हणतात. मामांनी विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दाखला खरा आहे, कुत्रा जातिवंत आहे. आम्ही फसवलं कुठं?"

त्याच्या बोलण्याचा मामांना अतिशय राग आला. मलाही आला. पण पुढे विचार करता लक्षात आले की त्या माणसाचे वाक्य खोटे नव्हते. कुत्रा जातिवंत होताच. मग मामांनी अठरा हजार रुपये दिले ते नेमके कशाचे? मामा मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस. एवढं शोधून सांग, पुढचा कुत्रा घ्यायचा तर जातीचा घ्यावा की गावठी?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते या लेखात मांडत आहे.

शब्दांचा घोळ

आपण बोलताना तीन शब्द सरसकट वापरतो : जातिवंत, संकरित आणि गावठी. पैकी शेवटचे दोन आपण एकच समजतो. तसे ते नाहीत.

ज्याच्या पूर्वजांची नोंद एखाद्या श्वानसंस्थेच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ज्याचे आईबाप एकाच नोंदलेल्या जातीचे आहेत, तो जातिवंत. दोन वेगवेगळ्या जातींच्या आईबापांचे पिल्लू, उदाहरणार्थ लॅब्राडोर कुत्री आणि जर्मन शेफर्ड नर यांचे, ते संकरित. आपल्या गल्लीतला पिवळसर, उभ्या कानांचा, शेपूट वर वळवलेला गावठी कुत्रा मात्र मुळात या दोहोंत बसत नाही. तो लॅब्राडोर, पामेरियन वगैरे मिसळून तयार झालेला नाही. या सर्व जातींच्या वह्या उघडण्याच्या फार आधीपासून तो माणसाच्या उंबऱ्याबाहेर राहत आला आहे. शहरांतल्या गावठी कुत्र्यांत आज विलायती रक्त थोडेफार मिसळले आहे हे खरे. परंतु 'जात बिघडली म्हणजे गावठी होतो' ही आपली समजूत उलटी आहे. आधी साधा कुत्रा होता, त्यातून निवडून निवडून जाती काढल्या गेल्या.

जातीची वही केव्हा उघडली?

कामानुसार कुत्रे निवडण्याची रीत फार जुनी आहे. मेंढ्या राखणारा वेगळा, शिकारीमागे धावणारा वेगळा, दारात भुंकणारा वेगळा. मेंढपाळ चांगल्या कुत्रीला चांगला नर पाहत असे. तो नर दिसायला कसा आहे याची त्याला पर्वा नसे, मेंढ्या वळवतो की नाही एवढेच तो पाही.

वंशाची लेखी नोंद ठेवून, बाहेरच्या कुत्र्याला मज्जाव करून जात राखण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची आहे. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ साली कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. आधुनिक श्वानप्रदर्शनांचा आरंभ तेथून धरतात. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली वंशनोंदवही निघाली. मग प्रत्येक जातीचे 'प्रमाण' लिहिले गेले. कान कसा असावा, रंग कोणता, उंची किती. बक्षीस त्या प्रमाणानुसार मिळू लागले, आणि ज्याला बक्षीस त्याच्याच पिल्लांना भाव येऊ लागला.

शेराच्या जातीचेच पाहा. जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्स नावाचा एक घोडदळातील कप्तान होता. १८९९ साली एका प्रदर्शनात त्याला मेंढपाळी जातीचा एक कुत्रा आवडला. त्याने तो विकत घेऊन त्याचे नाव होरांड ठेवले, त्याच वर्षी संस्था काढली आणि वहीत पहिल्या क्रमांकावर होरांडची नोंद केली. तोवर जर्मनीत निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रूपाचे मेंढपाळी कुत्रे होते. त्यांतून निवड करून आजचा जर्मन शेफर्ड झाला. म्हणजे मामांच्या सोप्यात टांगलेली ती भारदस्त वंशावळ मागे मागे नेली तर सव्वाशे वर्षांपलीकडे आपल्याला प्रांतोप्रांतीचे मिसळलेले कुत्रेच भेटतात. शुद्धता म्हणजे वही बंद केल्याची तारीख, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

बंद वहीचा जमाखर्च

वही बंद ठेवण्याचे फायदे आहेत, ते आधी जमेच्या बाजूस धरले पाहिजेत. जातिवंत पिल्लू मोठे झाल्यावर किती उंच होईल, केस किती लांब येतील, किती खाईल, याचा अंदाज आधी बांधता येतो. आंधळ्या माणसाला वाट दाखवण्यासाठी किंवा पोलिसांच्या श्वानपथकासाठी कुत्रा हवा असेल तर असा अंदाज फार मोलाचा असतो. आमच्या भाषेत सांगायचे तर हे मालाचे प्रमाणीकरण आहे. गिऱ्हाइकाला नमुन्याबरहुकूम माल मिळतो.

आता नावेची बाजू. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. पुष्कळ आनुवंशिक रोग असे असतात की एक प्रत सदोष असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते आणि दोष झाकलेला राहतो. परंतु आई आणि बाप दोघेही तोच दोष झाकून बसलेले असतील, तर सरासरीने चार पिल्लांत एकाला दोन्ही सदोष प्रती मिळतात आणि रोग उघडा पडतो. नवराबायको अनोळखी कुळांतील असतील तर दोघांकडे नेमका तोच दोष असण्याचा संभव कमी. एकाच कुळातील असतील तर तो वाढतो.

किती वाढतो याचे गणित आहे. सख्ख्या भावाबहिणींची पिल्ले झाली तर त्यांच्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याचा संभव २५ टक्के असतो. त्या पिल्लांतही पुन्हा भावाबहिणींचाच संयोग केला तर तो ३७.५ टक्के होतो आणि तिसऱ्या पिढीत ५० टक्के. आमच्या हिशेबात यंत्राला जसा दरसाल घसारा लागतो, तसा बंद वहीतल्या विविधतेलाही दर पिढीला लागतो. फरक एवढाच की कारखानदार घसारा खात्यात दाखवतो आणि नवे यंत्र घेतो. बंद वहीत नवे भांडवल यायला दारच नसते. शिवाय एखाद्या नराला मोठे बक्षीस मिळाले की जो तो आपल्या कुत्रीसाठी त्यालाच मागतो. मग पुढच्या पिढीत निम्मी वही त्याच्याच नातवंडांनी भरते, आणि त्याने एखादा झाकलेला दोष आणला असेल तर तोही वहीभर पसरतो.

याखेरीज काही जातींत दोष झाकलेला नसतोच, तो प्रमाणातच लिहिलेला असतो. पग जातीचे चपटे नाक लोकांना गोड वाटते. पण नाक आत दाबले तरी टाळू आणि जीभ त्या मानाने आखडत नाहीत, म्हणून त्याला श्वास घ्यायला कष्ट पडतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुत्र्याला धापा टाकूनच अंग थंड करावे लागते. ज्याला धापच नीट टाकता येत नाही त्याचे मे महिन्यात काय होत असेल याची कल्पना करावी. लांब पाठीच्या, आखूड पायांच्या डॅशंडला मणक्याचे दुखणे जडते तेही त्याच्या बांध्यामुळेच.

एका ठिपक्याठिपक्यांच्या जातीची गोष्ट

बंद वही पुन्हा उघडली तर काय होते याचे एक बोलके उदाहरण डाल्मेशियन जातीचे आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा वाचकांनी चित्रपटात पाहिला असेल. या जातीतील शुद्ध कुत्र्यांत एक जनुक सदोष आहे, आणि तो एखाददुसऱ्या कुत्र्यात नसून साऱ्या जातीत दुहेरी भिनलेला आहे. त्यामुळे लघवीत युरिक आम्ल जास्त उतरते आणि मूतखडे होण्याचा धोका राहतो. जातीतल्या जातीत कितीही चांगला नर निवडला तरी उपयोग नाही, कारण चांगली प्रत वहीत कोणाकडेच उरलेली नाही.

१९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा संयोग पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी केला. फक्त एकदाच. त्यानंतर दर पिढीला चांगली प्रत असलेली पिल्ले निवडून त्यांचा संयोग पुन्हा डाल्मेशियनशीच केला. काही पिढ्यांत ठिपके, बांधा, चाल सर्व डाल्मेशियनचे आणि लघवी मात्र निरोगी, अशी पिल्ले झाली. तरीही 'रक्त बाटले' म्हणून त्यांना वहीत घ्यायला पुष्कळ विरोध झाला. अमेरिकन केनेल क्लबने त्यांना २०११ साली प्रवेश दिला. एका चांगल्या प्रतीला दार उघडायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

मग संकरित कुत्रा हेच उत्तर का?

इथवर वाचून मी जवळजवळ निर्णय करून टाकला होता की लेखाचे शीर्षक 'जातिवंतांपासून सावधान' असे ठेवावे. कच्चा मसुदा आमच्या कॉलेजातील प्राणिशास्त्राच्या मॅडमना दाखवला. त्यांनी तो वाचला आणि एवढेच विचारले, "दुसऱ्या बाजूचे आकडे पाहिलेस का?" ते मी पाहिले नव्हते.

संकराचा जोम ही गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. संकरित मक्याचे पीक जोमदार येते हे तो जाणतो. परंतु त्याच मक्याचे दाणे पुढच्या साली बियाणे म्हणून पेरले तर पीक सारखे येत नाही, म्हणून दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते, हेही तो जाणतो. कुत्र्यांतही दोन जातींच्या पहिल्या संकरात काही झाकलेले दोष झाकलेलेच राहतात. पण दोन्ही जातींत तोच दोष असेल तर संकराचा काही उपयोग नाही. लॅब्राडोर आणि पूडल या दोन्ही जातींत डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एकच आनुवंशिक दोष आढळतो. दोघांनी तो आणला तर संकरित पिल्लूही आंधळे होणार.

या दोन जातींच्या संकराची कथा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तर मुद्दाम वाचावी. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. एका अंध बाईंच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांचा त्रास होई, म्हणून त्यांनी १९८९ साली लॅब्राडोर आणि पूडल यांची पिल्ले काढली. पिल्ले तीन झाली. त्यांतले एकच त्या कामाला योग्य ठरले. उरलेली पिल्ले संकरित म्हणून कोणी सांभाळायला घेईना. तेव्हा कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' असे नवे नाव जाहीर केले, आणि त्याच पिल्लांना एकाएकी मागणी आली. पुढे जगभर अशा संकरित पिल्लांचा धंदा फोफावला. आईबाप न तपासता पिल्ले काढणाऱ्यांचे फावले, आणि २०१९ साली खुद्द कॉनरन यांनी आपल्याला या गोष्टीचा पश्चात्ताप होतो असे सांगितले. सारांश, नावावर माल खपवणे ही काही जातिवंतांचीच मक्तेदारी नाही.

आता आकडे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय रुग्णालयातील पंधरा वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनुवंशिक विकार असलेली २७ हजारांहून अधिक कुत्री त्यात होती. विचारात घेतलेले विकार होते २४. त्यांपैकी १० विकार जातिवंतांत अधिक आढळले. एक विकार, गुडघ्यातील बंधन तुटण्याचा, संकरितांत अधिक आढळला. उरलेल्या १३ विकारांत दोहोंत फरक दिसला नाही.

या तेरांच्या यादीत पहिल्याप्रथम मी जे शोधले ते तिथेच होते : हिप डिस्प्लेजिया. ज्या दुखण्यावरून मी साऱ्या जातिवंतांवर फिर्याद गुदरायला निघालो होतो, ते दुखणे संकरित कुत्र्यांतही तितकेच होते. मसुदा फाडला आणि पुन्हा लिहायला बसलो.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. हा विकार एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा आहे. त्यात भर पडते ती पिल्लाला फाजील खाऊ घालून भराभर वाढवण्याची आणि वजनाची. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत तो अधिक दिसतो, मग ती कोणत्याही जातीची असोत. त्यावर उपाय नाही असेही नाही. अमेरिकेत १९६६ साली याच कामासाठी एक संस्था निघाली. कुत्रा दोन वर्षांचा झाला की खुब्याचा क्ष-किरण फोटो काढायचा, तज्ज्ञांनी तो तपासायचा आणि सांधे चांगले असतील तरच त्याची पिल्ले काढायची, ही पद्धत तिने रूढ केली. म्हणजे मामांनी विक्रेत्याला "जात शुद्ध आहे का?" असे विचारण्याऐवजी "याच्या आईबापांच्या खुब्यांचे फोटो दाखवा" असे म्हणायला हवे होते. शेराच्या दाखल्यावर नावे होती, खुब्यांची नोंद नव्हती.

स्वभावाचेही असेच. अमुक जात प्रेमळ, तमुक जात तापट, असे आपण छातीठोकपणे बोलतो. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात १८ हजारांवर कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा जनुकसंच तपासला होता. निष्कर्ष असा की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो. 'खाण तशी माती' ही म्हण रंगरूपाबाबत बरीच खरी ठरते, स्वभावाबाबत तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

गावठी कुत्र्याची बाजू

गावठी कुत्रा काटक, त्याला रोग होत नाहीत, असे आपण नेहमी म्हणतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. गावकुत्र्यांत जनुकीय विविधता जातिवंतांपेक्षा जास्त असते हे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. त्याचा बांधा मध्यम, नाक लांब, केस आखूड, म्हणजे आपल्या हवेला साजेसा. तो कोणत्याही प्रदर्शनासाठी वाकडातिकडा केलेला नाही.

परंतु आपल्याला काटक गावठी कुत्रे दिसतात ते उरलेले असतात. पावसाळ्यात गटाराच्या कडेला सहा पिल्ले जन्मतात आणि दिवाळीला एखाददुसरे दिसते. बाकीची कुठे गेली हे कोणी विचारत नाही. बाजारपेठेतली चालू दुकाने मोजून 'इथे कोणाचेच दिवाळे निघत नाही' असे म्हणण्यासारखेच हे आहे. पार्व्हो, डिस्टेंपर हे रोग गावठी पिल्लांनाही होतात. आणि रेबीज तर कोणाचीच जात पाहत नाही. गावठी पिल्लू फुकट मिळते म्हणून त्याला लस टोचायचा खर्चही फुकटच असावा, अशी अपेक्षा धरणे गैर आहे.

मुधोळची एक फेरी

गेल्या थंडीत मामांबरोबर मुधोळला जाण्याचा योग आला. बेळगावहून यरगट्टी, लोकापूरमार्गे बसने गेलो. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले हे गाव पूर्वी घोरपडे राजांच्या संस्थानाची राजधानी होते. तेथल्या शिकारी कुत्र्याला जग मुधोळ हाउंड म्हणून ओळखते, महाराष्ट्रातील खेड्यांत त्याला कारवानी म्हणतात, आणि आपल्या कन्नड बंधूंच्या तोंडी तो 'बेटे नायी' म्हणजे शिकारी कुत्रा असतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंची. संस्थानाचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला उत्तेजन दिले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली त्यात हा आहे, आणि २०१६ साली याची काही पिल्ले शिक्षणासाठी लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात गेली. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे या जातीच्या संवर्धनासाठी केंद्र आहे.

या जातीचा उगमही मिश्र मानतात. मध्य आशिया आणि अरबस्तानाकडून आलेले सलुकीसारखे धावरे कुत्रे आणि इथले कुत्रे यांच्या मिसळीतून ती झाली असावी. मग शिकारीच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन तिला एकजिनसी रूप आले. वही फार नंतर आली.

एका खेड्यात कुत्री पाळणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांशी बोललो. मामांना कन्नड बेताचे येते, म्हणून बोलणे माझ्यामार्फत चालले. मी दाखल्याचे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "कागद ओडूदिल्लरी, नायी ओडतैति." म्हणजे कागद धावत नाही हो, कुत्रा धावतो. त्यांचे वडील एका घरची कुत्री आणि नर कधी एकमेकांना लावत नसत. नर दुसऱ्या गावाहून आणीत, आणि तोही रानात धावताना पाहूनच. आता शहरातली गिऱ्हाइके अमुक रंगच मागतात, कोणी ग्रेहाउंडशी संकर करून तो मुधोळ म्हणून विकतात, याची त्यांना खंत होती. म्हणजे या गृहस्थांना जात राखायची होती, आणि रक्त फार जवळ येऊ द्यायचेही नव्हते. पुस्तकात मी जे गणित वाचले होते ते त्यांच्या घरात पूर्वीपासून चालत आले होते.

मामांना एक पिल्लू फार आवडले. तेव्हा त्या गृहस्थांनीच उलट चौकशी केली. मोकळे रान किती आहे? रोज धावायला कोण नेणार? कोंबड्या, शेळ्या आहेत का? मामांनी चोवीस कोंबड्या आहेत म्हणून सांगितले. ते म्हणाले, "मग नेऊ नका. हा पळणाऱ्या वस्तूमागे पळणार. तुमच्या कोंबड्या राहायच्या नाहीत." हातची विक्री त्यांनी सोडली. बसमध्ये मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दाखला नाही, पण माणूस खरा."

पिल्लू घेणाऱ्यासाठी पाच प्रश्न

परत आल्यावर मी मामांना एका चिठ्ठीवर पाच प्रश्न लिहून दिले. वाचकांपैकी कोणी पिल्लू घेणार असेल तर त्यालाही ते उपयोगी पडतील.

१. कुत्रा कोणत्या कामासाठी हवा? राखण, सोबत की शिकार? आपल्याकडे जागा आणि वेळ किती?

२. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहायला मिळेल का? ती निरोगी आहे का, आणि अनोळखी माणसाशी कशी वागते? जी आई दाखवत नाहीत तिचे पिल्लू घेऊ नये.

३. आई आणि बाप एकमेकांचे कोण? जातिवंत असेल तर दाखल्यात दोन्ही बाजूंस तेच ते नाव पुन्हा पुन्हा येते का ते पाहावे. दाखल्याचा खरा उपयोग हाच आहे.

४. त्या जातीत जे विकार ठाऊक आहेत त्यांची आईबापांची तपासणी झाली आहे का? मोठ्या जातीत खुब्यांचे फोटो, काही जातींत डोळ्यांची किंवा जनुकांची तपासणी.

५. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले आहे का, आणि विक्रेत्याची नोंदणी आहे का? कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

गावठी पिल्लू घेणाऱ्याने यांपैकी पहिले दोन प्रश्न विचारावेत आणि तिसऱ्या दिवशी लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

समारोप

'जातीचा घ्यावा की गावठी?' हा मामांचा प्रश्न. त्याचे सरळ उत्तर देता येत नाही याचे आता मला वाईट वाटत नाही, कारण प्रश्नच थोडा दुरुस्त करायला हवा होता. जात कळली की कुत्र्याचे रूप कळते, अंगलट कळते, थोडाफार कल कळतो. त्याची प्रकृती मात्र त्याच्या आईबापांना विचारावी लागते, आणि स्वभाव त्याच्याबरोबर राहूनच समजतो. अठरा हजार रुपयांत मामांनी पहिली गोष्ट विकत घेतली होती आणि उरलेल्या दोन तिच्याबरोबर आपोआप येतील असे धरून चालले होते. विक्रेत्याने ते गृहीत दुरुस्त केले नाही, एवढाच त्याचा दोष. तो लहान आहे असे मी म्हणणार नाही. तिम्मापूरजवळच्या त्या वृद्धांनी तो केला नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मामांनी अजून दुसरे पिल्लू घेतलेले नाही. चिठ्ठी त्यांच्या खिशात असते. शेजारच्या वाडीत एका गावठी कुत्रीला पिल्ले व्हायची आहेत, ती कुत्री ते दोनदा पाहून आले आहेत. शेरा आता तीन वर्षांचा आहे. त्याचे वजन बेताचे ठेवले आहे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सपाट जमिनीवर हळूहळू चालवतात, थंडीत औषध द्यावे लागते. दाखला अजून सोप्यात त्याच जागी आहे. तो काढायचा का, असे मी विचारले तेव्हा मामी म्हणाल्या, "राहू दे. त्याच्या आईचं नाव आहे त्यावर."

रात्री मळ्यात काही हालले की शेराला उठायला वेळ लागतो. पण तो उठतो, आणि त्याच्या आवाजाने वाडी जागी होते.